त्वचेचे आरोग्य आणि अ जीवनसत्त्व

जळगाव जिल्ह्याचे नाव घेताच रावेर-यावलच्या केळीबागा डोळ्यांसमोर येतात. केळी पौष्टिक खरी; परंतु तिच्यात अ जीवनसत्त्वाचा अंश अल्पच असतो. शेवग्याची पाने, मेथी, पालक, गाजर व पपई यांत मात्र, ज्यापासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते ते द्रव्य चांगल्या प्रमाणात असते. डोळ्यांसाठी त्याचे महत्त्व सर्वज्ञात आहे. त्वचेशी असलेले त्याचे नाते तितकेसे परिचित नाही.

अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनते. पेशीत कोणती प्रथिने तयार व्हावीत, याचे ते केंद्रकातून नियमन करते. त्वचेचे थर नीट घडणे आणि रोगजंतूंना अटकाव होणे, या दोन्ही गोष्टींत त्याचा वाटा असतो. त्वचेवरील जंतूंचा नाश करणारे एक प्रथिन आहारातील अ जीवनसत्त्वावर अवलंबून असते, असे अमेरिकेतील टेक्सासच्या शास्त्रज्ञांना २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. या जीवनसत्त्वाच्या अभावी त्वचा कोरडी व खरखरीत होते.

याच जीवनसत्त्वापासून सिद्ध केलेल्या औषधांना रेटिनॉइड म्हणतात. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली. त्याने त्वचेतील तैलग्रंथी आकसतात. सोरायसिसवरील ॲसिट्रेटिन पेशींची अवास्तव वाढ आवरते. मात्र ही गुणकारी औषधे गर्भास अत्यंत घातक असून त्यांमुळे अर्भकात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून आयसोट्रेटिनॉइन घेत असताना व थांबविल्यानंतर किमान १ महिना, तर ॲसिट्रेटिननंतर ३ वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. यकृत व रक्तातील चरबी यांची तपासणीही आवश्यक ठरते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून अशा गोळ्या आणून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. मुरूम वा सोरायसिसच्या रुग्णाने धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आहारातील भाजीपाल्याला ही भीती नाही. शरीर त्यातून गरजेपुरतेच जीवनसत्त्व बनविते. भाजीला थोडे शेंगदाण्याचे तेल घातल्यास ते अधिक चांगले शोषले जाते. बालकांना नवव्या महिन्यात १ लाख एकक व दीड वर्षापासून ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी २ लाख एकक मात्रा शासकीय कार्यक्रमात दिली जाते. एकही बालक तीपासून वंचित राहू नये, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. शाळेच्या आवारात शेवगा लावणे शिक्षकांना सहज शक्य आहे. आणि वरच्या वर्गांतील मुलामुलींना या गोळ्यांचा धोका वेळीच समजावून सांगणे, हे त्याहूनही निकडीचे आहे.