ॲम्प्लिफायरची मापं आणि कानाचा कौल

घरी संगीत ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हटला की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, आकडे बघा. ज्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये होणारी भेसळ, सर्वांत कमी, त्याचा आवाज सर्वांत चांगला. दुसरा पक्ष म्हणतो, आकड्यांवर जाऊ नका. कान सांगतील ते खरं. दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणी होते. आकडा आणि ऐकू येणारा आवाज यांच्यामध्ये माणसाचं श्रवण असतं. त्याच्या क्षमता आणि मर्यादा दोघांनीही हिशेबात धरलेल्या नसतात. हा हिशेब नीट केला, तर योग्य मापं ॲम्प्लिफायरबद्दल जवळजवळ सगळं सांगतात असं दिसतं. घरातल्या आवाजाबद्दल मात्र ती थोडंच सांगतात, कारण त्या आवाजात ॲम्प्लिफायरचा वाटाच लहान असतो.

गैरसमज: जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला आवाज

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे शेकड्या-हजारांतले वॅट छापलेले असत. त्या वॅटची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, त्यामुळे कंपनी छापेल तो आकडा खरा. अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 साली नियम केला: वॅट सांगायचे तर ते सलग मिळणारे हवेत आणि किती ओहमवर, कोणत्या फ्रीक्वेन्सींमध्ये, किती डिस्टॉर्शनसह मिळतात हेही सांगायला हवं. पण वॅट प्रामाणिकपणे मोजले तरी त्यांचा अर्थ मर्यादितच असतो. 50 वॅटच्या जागी 100 वॅट घेतले तर आवाजाची कमाल पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते; कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याउलट 84 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर लावला, तर चौपट वॅटचं काम फुकटात होतं. वॅटचा आकडा एवढंच सांगतो की क्लिपिंग, म्हणजे लहरींचे माथे कापले जाणं, कोणत्या पातळीला सुरू होईल. खोलीत लागणारी पातळी त्याच्या आत बसत असेल, तर उरलेले वॅट आवाजात काही भर घालत नाहीत.

गैरसमज: डिस्टॉर्शन जितकं कमी, तितका आवाज चांगला

आज ॲम्प्लिफायरची क्रमवारी बरेचदा ‘सिनॅड’ या एका आकड्यावर लावली जाते. मूळ सिग्नलच्या तुलनेत गोंगाट आणि डिस्टॉर्शन मिळून किती खाली आहेत, हे तो सांगतो. 80 डेसिबल सिनॅड म्हणजे 0.01 टक्का भेसळ आणि 120 डेसिबल म्हणजे 0.0001 टक्का. अभियांत्रिकी म्हणून दुसरा आकडा कौतुकास्पद आहे. पण संगीत चालू असताना मोठा स्वर जवळच्या लहान आवाजांना झाकून टाकतो, आणि चांगला स्पीकरही खर्जात स्वतःचं एक टक्क्याच्या घरातलं डिस्टॉर्शन मिसळत असतो. ऐकू येण्याच्या मर्यादेखाली गेलेली भेसळ आणखी शंभरपट घटली, तरी ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्या मर्यादेपलीकडची क्रमवारी खरी असते, पण ती यंत्रांची असते, आवाजाची नव्हे.

शिवाय एकूण टक्केवारी भेसळीचा प्रकार लपवते. तंबोऱ्याच्या नादात हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या फ्रीक्वेन्सी, मिसळलेल्या असतात: षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे वरचा पंचम आणि पाचवा म्हणजे स्वयंभू गंधार. ॲम्प्लिफायरने हे थोडे वाढवले तर ते मूळ स्वरात मिसळून जातात. सातवा, अकरावा, तेरावा हे आपल्या सप्तकातल्या कुठल्याच स्वरावर नेमके बसत नाहीत, आणि मूळ स्वरापासून दूर असल्यामुळे झाकलेही जात नाहीत. म्हणून अगदी थोडे असले तरी आवाज खरखरीत करतात. बीबीसीतले अभियंते डी. ई. एल. शॉर्टर यांनी 1950 सालीच सुचवलं होतं की हार्मोनिक जितका वरचा, तितकं त्याला वजन द्यावं, तेही क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात. अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी 2003 साली मांडलेल्या अभ्यासातही डिस्टॉर्शनची नेहमीची टक्केवारी आणि श्रोत्यांचं मत यांचा मेळ बसला नाही. श्रवणाचा विचार करून बनवलेलं माप मात्र त्या मताशी जुळलं. सुरुवातीच्या काही ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचे आकडे चांगले असून आवाज टोचायचा, त्याचं उत्तर इथे आहे. लहर शून्य ओलांडताना एक ट्रान्झिस्टर सुटतो आणि दुसरा काम हाती घेतो. त्या सांध्यावर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन होतं. त्यात वरचे हार्मोनिक जास्त असतात आणि आवाज हळू असताना त्याचं प्रमाण वाढतं. पूर्ण वॅटवर मोजलेल्या एका आकड्यात ते दिसत नाही. वेगवेगळ्या पातळ्यांवर, हार्मोनिक सुटे करून मोजलं की लगेच दिसतं. तेव्हा चूक मोजण्यात नव्हती, एकाच आकड्यावर थांबण्यात होती.

गैरसमज: मापं सारखी असूनही आवाज वेगळा येतो, म्हणजे कानाला कळतं ते यंत्राला कळत नाही

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. पहिला प्रश्न, कोणती मापं सारखी होती? व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची ऊब मापनात येत नाही असं म्हणतात, पण त्यातला मोठा भाग ओहमच्या नियमानेच समजतो. अशा एखाद्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अंतर्गत विरोध, 3 ओहम धरू. स्पीकरचा इम्पीडन्स कुठे 4 ओहम तर कुठे 20 ओहम असेल, तर पहिल्या ठिकाणी जवळजवळ 4.9 डेसिबल घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त 1.2. म्हणजे स्वरांच्या पट्ट्यात साडेतीन डेसिबलहून अधिक चढउतार, आणि तो सहज ऐकू येतो. आउटपुट इम्पीडन्स 0.1 ओहम असेल, तर तोच चढउतार 0.2 डेसिबलच्याही आत राहतो. एखाद्याला पहिला आवाज अधिक आवडू शकतो, आणि त्या आवडीत काहीही गैर नाही. पण त्या आवाजाचं कारण कागदावर आधीच दिसत होतं.

अमेरिकी अभियंता बॉब कार्व्हर यांनी 1985 साली हेच करून दाखवलं. ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखाच आवाज आपण ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढू, असं आव्हान त्यांनी घेतलं. दोन्हींचे आउटपुट एकमेकांतून वजा करायचे आणि उरलेला फरक कमी होत जाईल तसा आपला ॲम्प्लिफायर बदलत जायचं, ही त्यांची रीत. वजाबाकी पुरेशी खाली गेल्यावर संपादकांनाही दोन्हींतला फरक सांगता येईना. ‘साइन वेव्ह म्हणजे संगीत नव्हे’ या आक्षेपालाही यात उत्तर आहे, कारण अशी वजाबाकी प्रत्यक्ष संगीत वाजवून, प्रत्यक्ष स्पीकर जोडून करता येते. जे वेगळं वाजतं ते वजाबाकीत उरतं; जे उरत नाही ते ऐकू येण्याचा मार्गच नाही.

दुसरा प्रश्न, तुलना कशी झाली? आवाजाची पातळी 0.1 डेसिबलच्या आसपास जुळवली नाही, तर किंचित मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’ आणि ‘स्पष्ट’ वाटतो. आणि समोर काय वाजतंय हे माहीत असलं, तर डोळ्यांनी पाहिलेलं मतात मिसळतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली 40 श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण पडद्याआड लक्षणीय बदलले. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने 1978 साली घेतलेल्या चाचणीत एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर श्रोत्यांना खात्रीने ओळखता आले नाहीत. यावर म्हटलं जातं की अशा चाचणीत दडपण येतं आणि सूक्ष्म फरक हरवतात. दडपणाची शंका रास्त आहे, पण तिचा उपाय चाचणी सोडून देणं हा नाही. नाव झाकून घरीच, हवे तितके दिवस, आपल्या आवडीच्या रेकॉर्डिंगवर ऐकता येतं. आणि जो फरक नाव कळताच ठळक होतो व नाव झाकताच नाहीसा होतो, त्याला आवाजातला फरक म्हणता येत नाही.

गैरसमज: घरातला आवाज सुधारायचा तर आधी ॲम्प्लिफायर बदला

चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे 43 हर्ट्झला आवाज दोन भिंतींमध्ये उभा राहतो. बसण्याच्या जागेनुसार तिथला खर्ज दहा-दहा डेसिबलने चढतो किंवा बुडतो, आणि हा चढउतार चांगल्या ॲम्प्लिफायरमधल्या कोणत्याही फरकाहून कितीतरी मोठा असतो. स्पीकरांमधले फरकही तसेच मोठे असतात, आणि तिथे मापं खरोखर भविष्य सांगतात: ऑलिव्ह यांनी 2004 साली 70 स्पीकरांच्या प्रतिध्वनिरहित खोलीतल्या मापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारं सूत्र मांडलं, आणि त्याचा प्रत्यक्ष पसंतीशी सहसंबंध 0.86 इतका आला. मापनावर अविश्वास दाखवणाऱ्यांनी आणि ॲम्प्लिफायरच्या दशांशांत अडकलेल्यांनी, दोघांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून ॲम्प्लिफायर निवडताना चार गोष्टी तपासाव्यात: आपल्या स्पीकरच्या सर्वांत कमी ओहमवर पुरेसे वॅट, कमी आउटपुट इम्पीडन्स, हळू आणि मोठ्या दोन्ही आवाजांत हार्मोनिकांचं स्वच्छ चित्र, आणि जवळ कान नेला तरी न जाणवणारा गोंगाट. हे जमलेला ॲम्प्लिफायर माफक किमतीतही मिळतो. पुढचा पैसा स्पीकरवर, आणि पुढची मेहनत त्यांची जागा व आपली बैठक सरकवून बघण्यावर खर्च करावी. गायकाच्या गळ्यातलं जितकं रेकॉर्डिंगमध्ये उतरलंय, तितकं घरापर्यंत आणण्याचा हाच सर्वांत सरळ मार्ग आहे.