गल्लीतून मैदानाकडे

कोलकात्यातील एखादी अरुंद गल्ली असो, भातकापणीनंतर रिकामे झालेले गोव्यातील शेत असो किंवा मणिपूरमधील गावाचे मैदान असो, संध्याकाळ होताच तेथे मुलांचा फुटबॉल सुरू होतो. दोन विटा किंवा दोन चपला ठेवल्या की गोल तयार होतो. खेळाडू किती असावेत, याचा नियम नसतो. जितकी मुले जमतील त्यांचे दोन संघ पाडले जातात. एक बाजू फारच वरचढ ठरू लागली, तर एखादा खेळाडू इकडून तिकडे दिला जातो. वाद होतात, रुसवेफुगवे होतात. परंतु खेळ बंद पडू नये, याची काळजी मुले स्वतःच घेतात.

अशा मुलाला वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी एखाद्या क्लबात किंवा शाळेच्या संघात दाखल केले जाते, तेव्हा त्याचे हे जग एकाएकी बदलते. शिटी, गणवेश, ठरावीक जागा, राखीव खेळाडूंचा बाक आणि रेषेबाहेर उभी असलेली मोठी माणसे या सर्व गोष्टी त्याला नव्या असतात. येथे खेळ चालू ठेवण्यापेक्षा सामना जिंकण्याला महत्त्व येते. हा बदल घडवून आणताना मोठ्यांनी विवेक दाखवला नाही, तर मूल संघातून बाहेर पडते आणि पुष्कळदा खेळालाच अंतरते. म्हणून संघटित फुटबॉलचे पहिले उद्दिष्ट गुणी खेळाडू शोधून काढणे हे नसून, आलेले मूल खेळात टिकवणे हे असले पाहिजे. गुण कोणात आहेत, हे त्या वयात निश्चितपणे सांगता येत नाही. टिकलेल्या मुलांमधूनच ते पुढे प्रकट होतात.

त्यासाठी प्रथम खेळच मुलाच्या मापाचा करावा लागतो. प्रौढांच्या गोलाची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. साधारण सव्वा मीटरही उंची नसलेला बालक त्यात गोलरक्षक म्हणून उभा केला, तर डोक्यावरून जाणारा प्रत्येक चेंडू गोल ठरणार, हे उघड आहे. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद अशा मैदानावर बावीस खेळाडू असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. इतक्या जागेत लहान मूल धावून थकते, पण चेंडू त्याच्या पायाला क्वचितच लागतो. इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाच खेळाडूंचे संघ, सुमारे ३७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद मैदान आणि ३.६६ मीटर रुंदीचा, म्हणजे बरोबर निम्मा, गोल सुचवलेला आहे. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला शंभर चौरस मीटर जागा येते आणि चेंडू वारंवार पायाशी येतो. पुढे वयानुसार सात, नऊ आणि शेवटी अकरा खेळाडूंचे संघ केले जातात. खेळ शिकण्याची ही शिडी आहे. तिच्या पायऱ्या गाळून वर चढता येत नाही.

चेंडूची गोष्टही अशीच आहे. प्रौढांचा पाच क्रमांकाचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. लहान मुलांना तीन क्रमांकाचा आणि त्यानंतर काही वर्षांनी चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. चेंडू डोक्याने मारण्याचा सराव या वयात टाळणेच इष्ट होय. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यास मनाई केली. इंग्लंडमध्ये २०२० पासून अकरा वर्षांखालील मुलांना सरावात तो शिकवू नये, असा दंडक आहे. माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाचे विकार अधिक आढळतात, असे ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधनात २०१९ मध्ये दिसून आले. त्याचे नेमके कारण सिद्ध झालेले नसले, तरी वाढत्या वयाच्या मेंदूबाबत सावधगिरी बाळगणेच योग्य ठरते.

यानंतर प्रश्न येतो निवडीचा. वयोगट सामान्यतः १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात खेळते. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सुमारे आठवा भाग होय. जे मूल थोराड दिसते ते निवडले जाते, त्याला अधिक सराव मिळतो आणि अधिक सरावामुळे ते खरोखरच सरस ठरते. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले निवडक संघांत कमी आढळतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. त्या मुलांमध्ये उणीव नसते. त्यांना उशीर झालेला असतो, इतकेच.

या अडचणीवर आपल्याकडे एक देशी तोडगा पूर्वीपासून आहे. बंगालमध्ये खेळाडूच्या उंचीवर मर्यादा घालून स्पर्धा भरवल्या जात. चार फूट दहा इंचांहून उंच मुलाला त्यांत प्रवेश नसे. जन्माचा दाखला सर्वांपाशी नसला, तरी खांबावरची खूण सर्वांना सारखीच लागू पडे. युरोपातील क्लबांनी अलीकडे शारीरिक वाढीनुसार मुलांचे गट पाडून पाहिले, त्यामागील विचार फारसा वेगळा नाही.

जय-पराजयाचे काय करावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मुले गुण मोजतातच, आणि ते मोजू नयेत असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न मोठ्यांनी ठेवलेल्या हिशोबाचा आहे. गुणतक्ता भिंतीवर लागला की प्रशिक्षक दुबळ्या मुलाला बाकावर बसवतो. नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळाविषयी स्वतंत्र नियम स्वीकारले आणि तेथे अकरा वर्षांखालील मुलांचे गुणतक्ते प्रसिद्ध केले जात नाहीत. जर्मनीत २०२४ च्या हंगामापासून सर्वांत लहान मुले दोन-दोन किंवा तीन-तीनच्या संघांत, छोट्या गोलांवर खेळतात. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. सहा ते बारा वर्षांची मुले-मुली त्यात लहान मैदानावर एकत्र खेळत असत. तिच्या आधी मिझोराममध्ये ‘नाउपांग लीग’ सुरू झाली होती. मिझो भाषेत नाउपांग म्हणजे मूल. अशा लीगचे मर्म हे की, मुलाला वर्षातून एखाद्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकच सामना खेळून घरी परतावे लागत नाही. त्याला आठवड्यामागून आठवडे खेळायला मिळते.

मुली या वयात मुलांबरोबर सहज खेळू शकतात, याचा पालकांना विसर पडू नये. मणिपूरच्या ऑइनाम बेंबेम देवी लहानपणी मुलांमध्येच खेळत असत. पुढे त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गल्लीत मुलीला कोणी अडवले नसेल, तर संघटित खेळाच्या दाराशी तिला अडवणे हा मोठ्यांचाच दोष होय.

राहता राहिले मोठ्यांचे वर्तन. पहिले काही दिवस मुलाला एखाद्या ओळखीच्या सवंगड्याबरोबर पाठवावे. पहिल्याच दिवशी ते खेळायला उतरले नाही, तर रेषेबाहेर बसून पाहू द्यावे. पाहणे हेही शिकणेच असते. सराव तासाभराहून अधिक नसावा आणि त्यातील बराचसा वेळ प्रत्यक्ष खेळात जावा. रांगेत उभे राहून पाळीची वाट पाहणारे मूल फुटबॉल शिकत नाही. ते रांगेत उभे राहायला शिकते. प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळवावे आणि गोलरक्षकाचे काम पाळीपाळीने सर्वांना द्यावे. पालकांनी बाहेरून सूचना करू नयेत. ‘पास दे’, ‘मार’ अशा आरोळ्या चारही बाजूंनी येऊ लागल्या की मूल स्वतः पाहण्याचे व ठरवण्याचे सोडून देते. आणि पाहणे व ठरवणे हाच तर या खेळाचा गाभा आहे. घरी परतल्यावर ‘किती गोल केलेस?’ या प्रश्नाऐवजी ‘मजा आली का?’ एवढेच विचारावे.

१९५१ आणि १९६२ या वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. ते पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चांगला शिक्षक वर्गातील हुशार मुलापुरते शिकवत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाचा हातही तो सुटू देत नाही. सहा वर्षांच्या मुलाला मैदानावर नेणाऱ्या प्रत्येकाकडून अपेक्षा एवढीच आहे. ते मूल पुढच्या आठवड्यात आपण होऊन बूट घालून दाराशी उभे राहिले, तर पहिली पायरी त्याने चढली, असे खुशाल समजावे.