अंगणात गेलेली शाळा आणि घरातला धाक

मराठी वाचकांची सर्वांत लाडकी आई मुलाला मारते, हे आपण सोयीने विसरतो. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिपटीने मारत विहिरीकडे पाठवते. साने गुरुजींनी हा प्रसंग झाकून ठेवला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण ‘मायेनं मारलं तर चालतं’ असा त्याचा दाखला आजही दिला जातो.

त्याच काळात दुसराही एक विचार मराठी मुलखात रुजत होता. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. मारिया माँटेसोरींच्या विचारांतून त्यांनी घेतलेले सूत्र कडक होते : शिक्षा नको, तसे बक्षीसही नको. दोन्हींत मूल दुसऱ्याच्या मर्जीवर नाचते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. खडे, पाने, शिंपले हेच साहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. पुढे तो सरकारी योजनेने घेतला आणि देशभर गेला. त्यामागची रीत मात्र तितकी गेली नाही.

ती रीत अशी की, मूल ऐकत नसेल तर आधी आपली मांडणी तपासायची. आमच्या हदगावकडे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की दिवस उजाडायच्या आत घर हलते. ‘एवढ्या घाईत लेकराला समजावत कोण बसणार?’ हा प्रश्न खोटा नाही. दोन मजुरांचे काम एकटीने उरकणाऱ्या बाईला संयमाचे धडे देणे मला उद्धटपणा वाटतो. पण धाकाने वेळ वाचतो का? आज रट्टा दिला तर उद्या दोन द्यावे लागतात, आणि मूल हळूहळू खोटे बोलायला शिकते.

‘अंघोळ करतोस का?’ असे विचारूच नये, कारण ‘नाही’ हे उत्तर आपण मान्य करणार नसतो. तो प्रश्न नव्हे, फसवणूक आहे. ‘आधी अंघोळ की आधी भाकरी?’ हा खरा प्रश्न. यातले कोणतेही उत्तर चालते. कपडे आणि दप्तर रात्रीच त्याच्या हाताला येईल अशा खुंटीवर असले, तर सकाळचा निम्मा आरडाओरडा संपतो. जेवताना हातात मोबाइल देणे हे गिजुभाईंच्या हिशेबात छडीचेच भावंड ठरेल. भूक लागली की मूल जेवते, एवढा भरवसा ठेवायला मात्र आजीची संमती लागते, आणि ती मिळवणे हे यातले सर्वांत अवघड काम.

मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. रस्त्यावर धावणाऱ्या लेकराचा हात घट्ट धरायचाच. धरल्यावर चापट मात्र मारायची नाही. विहिरीला भिणाऱ्यालाही आधी काठावर बसू द्यावे, पाय भिजवू द्यावेत, कंबरेला दोर बांधून ओळखीच्या माणसाबरोबर उतरवावे. चार दिवस जास्त लागतील.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. घराच्या उंबरठ्याच्या आत ते कलम येत नाही. तिथे फोक अजून दाराआड उभाच असतो.