गळाचा दोरा

परभणी जिल्ह्यास समुद्र नाहीं. तथापि गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या डोहांत गळ टाकणारे शेतकरीबंधु आहेत, त्यांसाठीं हे चार शब्द.

पूर्वीं दोरी तागाची किंवा सुताची असे. ओली राहिली कीं कुजे. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें व पुढें तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, आपल्याकडे आला. निवडतांना प्रथम जाडी पाहावी. जाडी दुप्पट तर बळ सुमारें चौपट. मात्र जाड दोरा माशास दिसतो. रोहूस मध्यम चालेल. दगडांत शिरणाऱ्या वामीस जाडच हवा, कारण दोरा घासून तुटला कीं मासा गळासकट जातो. भिजल्यानें नायलॉनचें बळ कांहींसें घटतें, गांठीनें आणखी घटतें; म्हणून गांठ ओली करूनच आवळावी. उन्हांत राहिलेला दोरा नवा दिसला तरी कच्चा समजावा. कोंकणांत खाडीवर वापरल्यास गोड्या पाण्यानें धुवावा.

आमची खरी चिंता निराळीच आहे. ताग कुजून मातीस मिळे. तंगूस वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. पाणवठ्यावर टाकलेली गुंतवळ चरतांना गुरांच्या पोटांत जाऊं शकते, बगळ्यांच्या पायांस तिचा फास बसतो. तुटका दोरा बोटांभोवती गुंडाळून खिशांत घालावा व घरीं आणावा.