साष्टीचे स्वामित्व : ताबा आणि तहनामा

मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतलेले साष्टी बेट मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला जिंकून बळकावले. पेशवेपदाचे दावेदार रघुनाथराव यांनी ते मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने इंग्रजांस दिले. म्हणजे ताबा आधी, हक्काचा कागद नंतर. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह अनधिकृत ठरविला; तथापि पुरंदरच्या तहात (१७७६) साष्टी सोडली नाही. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई मराठ्यांस परत मिळाली. साष्टी मात्र घारापुरी व कारंजा या बेटांसह इंग्रजांकडेच राहिली. दात्याचा अधिकार नाकारूनही दान राखले गेले. म्हणूनच तहनाम्यांचा अर्थ कलमांइतकाच तारखांच्या क्रमातही शोधावा लागतो.