बादलीवरचं नाव, बादलीतलं तेल

‘ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचं तेल पाहिजे,’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने खरं तर चार प्रश्न विचारायला हवेत. ट्रॅक्टर कोणता? मॉडेल कोणतं? ब्रेक कोरडे की तेलात बुडालेले? आणि सध्या आत कोणतं तेल आहे? प्रत्यक्षात विचारला जातो तो एकच प्रश्न : ‘पाच लिटर की वीस?’ मग भाव होतो, बादली ट्रॉलीत पडते आणि लाखो रुपयांच्या यंत्राचं भवितव्य पाच मिनिटांत ठरून जातं.

मी कविता लिहिणारा माणूस. तेलाशी माझी ओळख झाली ती घरातल्या गॅरेजमुळे. आमच्याकडे दोन पिढ्या ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम चाललं. मिस्त्री लोकांचं बोलणं ऐकत मी मोठा झालो आणि बी. ए. झाल्यावरही संध्याकाळी हिशेबाच्या वहीवर बसत राहिलो. त्या वहीत एक गोष्ट वारंवार दिसायची. मोठ्या दुरुस्तीच्या मागे पुष्कळदा एखादं छोटं कारण असायचं, आणि त्या कारणाला तेलाचा वास यायचा. म्हणून आज तेलाविषयी बोलतो.

सुरुवात शब्दापासून करू. ‘हायड्रॉलिक’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्यात पाणी आणि नळी असे दोन शब्द दडले आहेत. तेलाचा त्यात पत्ताच नाही. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच विद्वानाने सांगितलं, की बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणजे लहान दट्ट्यावर थोडा जोर लावून मोठ्या दट्ट्यावरचं भलंमोठं ओझं उचलता येतं. या तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये दाबयंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र पाण्यावरच चाले. पण पाण्याने लोखंड गंजतं आणि पाणी वंगणाचं काम करत नाही. म्हणून पुढे पाण्याच्या जागी तेल आलं. दाब पोचवायचा आणि पंपाची झीज थांबवायची, ही त्याची मूळची दोन कामं.

ट्रॅक्टरमध्ये मात्र त्याच्या मागे आणखी कामं लागली. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर तीन ठिकाणी जोडून तो हायड्रॉलिकच्या जोरावर उचलायची पद्धत रूढ केली. आज आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच तीन टोकांची जोडणी दिसते. पुढे बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना मिळून एकच टाकी आली. नंतर ब्रेकही तेलात गेले. चिखल, पाणी, धूळ यांपासून ब्रेक सुरक्षित राहावेत आणि तापलेल्या चकत्या तेलाने थंड व्हाव्यात, हा त्यामागचा विचार.

आता या एकाच तेलाकडून काय काय मागितलं जातं ते पाहा. गिअरचे दात म्हणतात, आमच्यामध्ये जाड थर राहू दे. पंप म्हणतो, इतका जाड होऊ नकोस की मला ओढताच येणार नाही. सील म्हणतं, मला फुगवू नकोस आणि आक्रसूही देऊ नकोस. आणि ब्रेकच्या चकत्या म्हणतात, आम्हाला धरून ठेव. तेलाचा धर्म निसटण्याचा, आणि इथं त्याच्याकडून पकड मागितली जाते! नुसत्या खनिज तेलाला हे जमत नाही. त्यात घर्षण नेमकं राखणारी, झीज रोखणारी, फेस दाबणारी आणि गंज टाळणारी रसायनं प्रमाणात मिसळावी लागतात. अशा तेलाला ‘यूटीटीओ’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या गिअर, लिफ्ट आणि ब्रेक यांसाठी मिळून एकच तेल, असा त्याचा अर्थ.

याउलट बादलीवर नुसतं ‘हायड्रॉलिक ६८’ लिहिलेलं तेल हे प्रामुख्याने कारखान्यातली दाबयंत्रं आणि तत्सम यंत्रांसाठी असतं. तेही चांगलंच तेल, पण त्याची नेमणूक वेगळी. ६८ हा आकडा गुणवत्तेचा नाही, दाटपणाचा आहे. ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट असतं, हे सेंटिस्टोक नावाच्या एककात मोजतात. ६८ म्हणजे त्या मापाने ६८च्या आसपास. दहा टक्के कमी-जास्त चालतं. ४६ त्याहून पातळ, १०० त्याहून दाट. गुळाचा पाक तापला की सैल होतो, तसं तेलही तापल्यावर पातळ होतं. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते आणि काम करणाऱ्या ट्रॅक्टरमधलं तेल त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून दाटपणा किती, यासोबत तापल्यावर तो किती टिकतो हेही महत्त्वाचं. पण या आकड्यावरून गिअर आणि ब्रेक यांची सोय झाली आहे की नाही, हे कळतच नाही.

चुकीचं तेल भरलं तर काय होतं? पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. नांगर उचलला जातो, गिअर पडतात, मालक खूश होतो. काही महिन्यांनी ब्रेक दाबताना किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागतो, ट्रॅक्टर थरथरतो किंवा उशिरा थांबतो. लिफ्ट ओझं धरून ठेवत नाही. तोवर बादली कधीच रिकामी झालेली असते आणि दोष कोणाचा हे ठरवायला पुरावा उरत नाही. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर ब्रेक कमी पडला, तर तो प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या शाळकरी पोराचा होतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत ‘३०३’ या नावाचं ट्रॅक्टरचं तेल प्रसिद्ध होतं. त्याचा गुण होता देवमाशात. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचं तेल त्यात मिसळत. प्रचंड दाबाखालीही ते धातूला चिकटून राही. हा प्राणी नामशेष होऊ लागला, तेव्हा १९७० च्या सुमारास अमेरिकेने त्याच्या तेलावर बंदी आणली. मूळ ट्रॅक्टर कंपनीने ३०३ हे मानक सोडून दिलं आणि नवी मानकं काढली. पण नाव बाजारात राहिलं. पुढे कित्येक दशकं पिवळ्या बादल्यांवर ‘३०३’ छापून स्वस्त तेल विकलं गेलं. ज्या मानकाचा मालकच उरला नव्हता, त्यात बसत नाही असं कोण म्हणणार? अखेर मिसुरी राज्याच्या कृषी खात्याने असं तेल तपासलं आणि ते यंत्रांचं नुकसान करील असं दिसल्यावर २०१७ मध्ये त्याची विक्री थांबवली. शेतकरी कोर्टात गेले. देवमासा गेला, मानक गेलं, आणि नाव मात्र विकलं जात राहिलं.

मग निवड करायची कशी? ट्रॅक्टरसोबत मिळालेलं पुस्तक काढा. पुष्कळ घरांत ते कपाटात आरसीच्या कागदांखाली असतं. त्यात तेलांचा तक्ता असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक, पॉवर स्टिअरिंग अशा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे तेलाचा दर्जा व लिटर लिहिलेले असतात. त्या ओळीतला कंपनीचा मानक-क्रमांक कागदावर उतरवा आणि दुकानात तोच क्रमांक बादलीच्या मागच्या बाजूला शोधा. पुढच्या बाजूचं चित्र, तेलाचा रंग, ‘सुपर’, ‘गोल्ड’ हे शब्द यांना काही किंमत नाही. रंग कोणताही घालता येतो. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल सांगून कंपनीच्या विक्रेत्याकडून तो क्रमांक लिहून घ्या. काही जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्ट आणि गिअरबॉक्स यांची तेलं वेगळी असतात. तिथं शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरचा दाखला उपयोगाचा नाही.

‘जाड तेल जास्त चांगलं’ म्हणून सगळीकडे ९० नंबरचं गिअर ऑइल ओतणं, उरलेलं इंजिन ऑइल लिफ्टमध्ये खपवणं, हे प्रकार टाळावेत. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. ते वेगळ्याच रसायनाचं असतं आणि खनिज तेलासाठी बनवलेली सीलं त्याने खराब होतात. आणखी एक वाट सहसा ध्यानात येत नाही. हायड्रॉलिकवर उलटणारी ट्रॉली ट्रॅक्टरच्याच टाकीतलं तेल घेते आणि परत देते. दुसऱ्याची ट्रॉली जोडली की त्याच्या ट्रॅक्टरचं तेल, त्यातल्या कचऱ्यासकट, आपल्या घरात पाहुणं येतं. म्हणून नळीची टोकं पुसूनच जोडावीत आणि ट्रॉली उभी केल्यावर त्यांना टोपण लावावं.

हा नियम ट्रॅक्टरपुरता नाही. गोल्फची मैदानं, मोठे बगिचे राखायला बसून चालवायची गवत कापणी यंत्रं असतात. त्यांतल्या अनेकांची चाकंही तेलाच्या दाबाने फिरतात. गंमत अशी, की त्यांतल्या कित्येकांच्या पुस्तकात हायड्रॉलिक तेलाऐवजी २०-डब्ल्यू-५० हे इंजिनचं तेल सांगितलेलं असतं. दुसऱ्या काही यंत्रांना मात्र ४६ नंबरच्या जातीचंच तेल लागतं. दिसायला दोन्ही यंत्रं सारखी. नावावर जाणारा माणूस इथं हमखास फसतो. शिवाय नळी फुटली की गरम तेलाचा पट्टा हिरवळीवर पडतो आणि तेवढं गवत जळून जातं. ती रेघ कितीतरी दिवस मिटत नाही.

योग्य तेल आणलं तरी ते राखावं लागतं. पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या फटी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. डोळ्यांना न दिसणारी धूळ तिथं वाळूच्या कागदासारखी घासते. तेल उघड्या डब्याने ओतू नका, फिल्टर बदलताना काटकसर करू नका. भाताच्या चिखलणीनंतर डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. फेस दिसला तर तेल कमी आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जाते आहे.

एक इशारा जिवाचा. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण दोन बार असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दीडशे-दोनशे बार. नळीला सुईएवढं छिद्र पडलं तर त्यातून येणारी धार कातडी फोडून आत शिरते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. अशी जखम वरून मुंगी चावल्यासारखी दिसते, दुखतही नाही; पण काही तासांत हात गमवायची वेळ येऊ शकते. हळद लावून घरी बसू नका, तडक शल्यचिकित्सकाकडे जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा.

काढलेलं तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात साठवून अधिकृतपणे घेणाऱ्याला द्यावं. आणि नवं तेल भरलं, की पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : तारीख, मीटरवरचे तास, तेलाचा मानक-क्रमांक. पुढच्या वेळी घरातलं कोणीही दुकानात गेलं, तरी त्याला भाव विचारण्याआधी काय मागायचं ते ठाऊक असेल.