तीन हजारांतले तीन

‘चार दिवस सासूचे’ किती दिवस चालली? ई टीव्ही मराठीवर २००१ साली ती सुरू झाली आणि २०१३च्या जानेवारीत संपली. नावात चार दिवस, प्रत्यक्षात अकरा वर्षं! भाग तीन हजारांहून जास्त. जाहिराती वगळून एका भागाची बावीस मिनिटं धरली, तरी सगळे भाग न झोपता, सलग बघायला साधारण सेहेचाळीस दिवस आणि सेहेचाळीस रात्री लागतील.

आता अकोल्याच्या जठारपेठेतल्या किंवा अमरावतीच्या राजापेठेतल्या एखाद्या काकूंना विचारा, की यातले लक्षात राहिलेले भाग कोणते? त्या तीन सांगतील, फार तर चार. पण कोण कुठे उभं होतं, कोणाच्या अंगावर कोणती साडी होती, इथपर्यंत सांगतील. मग बाकीचे तीन हजार गेले कुठे? आणि हेच तीन का उरले?

याचं उत्तर शोधायला आधी वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या दुपारी जावं लागतं. पारा ४५च्या पुढे, दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर. माजघरात दोघी-तिघी काडीवर सरगुंडे वळत बसलेल्या आणि टीव्हीवर रात्रीच्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण चाललेलं. भारनियमनाच्या वर्षांत तर ही दुपार म्हणजे मोठाच आधार होता. रात्री ऐन वेळी वीज गेली, तर हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी गाठायचा. अर्थात दुपारी वीज असली तर.

आता त्या बायकांचे डोळे कुठे आहेत ते बघा. काडीवर! मालिका बघणं चाललंय ते कानांनी. म्हणून तर मालिकेतली माणसं एकमेकांना सारखी नावानं हाका मारतात, कालची गोष्ट आज पुन्हा बोलून दाखवतात आणि गौप्यस्फोटाच्या आधी तो ‘ढँ... ढँ... ढँ’ वाजतो. आपण त्या आवाजाला हसतो. पण तो हात गुंतलेल्या माणसाला दिलेला इशारा आहे : बाई, आता मान वर कर!

ही युक्ती आली कुठून? थेट रेडिओवरून. १९३०च्या दशकात अमेरिकेत दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या कौटुंबिक कथा सुरू झाल्या. त्यांना पैसा पुरवला साबणाच्या कंपन्यांनी, म्हणून त्यांचं नाव पडलं ‘सोप ऑपेरा’. म्हणजे जन्मच मुळी न बघता ऐकण्यासाठी! आपल्याकडे दूरदर्शननं १९९४मध्ये दुपारी ‘शांती’ आणली, पाठोपाठ सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ‘दामिनी’चंच नाव घेतलं जातं. मंदिरा बेदींची शांती आणि प्रतीक्षा लोणकरांची दामिनी, दोघीही पत्रकार. सासू-सुनांचा जमाना त्यानंतरचा, हे आपण किती सहज विसरतो!

तर मान वर झाली. आता त्या क्षणी मालिका काय करते? भाग तोडते! दार उघडतं, आत कोण आलंय ते फक्त सासूला दिसतं, तिचा चेहरा तीन बाजूंनी दाखवला जातो आणि नामावली सुरू. शेजारच्या घरातून लगेच हाक येते, “कोन आलं व असंन?” ही रुखरुख रात्रभर टिकते. शनिवारी तोडलं असेल, तर थेट सोमवारपर्यंत.

१९२७ साली ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामंच लोकांना जास्त आठवली. पुढच्या संशोधकांना हा निकाल दर वेळी तितका ठळक मिळाला नाही. पण मालिकावाल्यांनी प्रयोगशाळेची वाट कधी पाहिली होती?

आणि इथे खरी गंमत आहे. उत्कंठेचे हे शेकडो भाग आपल्याला आठवतच नाहीत. आठवतो तो गाठ सुटते तो भाग. महिनोन् महिने लांबवलेलं लग्न लागतं, लपवलेलं लफडं उघडं पडतं तो. प्रेशर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कोण लक्षात ठेवतं? झाकण उडालं तो दिवस मात्र घरात सगळ्यांना पाठ असतो.

त्यातही लग्न! १९६९मध्ये पेरू देशात एक मालिका लागायची. गावाकडून शहरात आलेली मारिया नावाची मोलकरीण शिवणकाम शिकते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. तिच्या लग्नाचं चित्रीकरण लिमा शहरातल्या एका चर्चमध्ये ठरलं. तर ठेवणीतले कपडे घालून, हातात आहेर घेऊन हजारो लोक तिथे हजर! खोट्या लग्नाला खरे वऱ्हाडी! मारियाला बघून शिलाई यंत्रांचा खपही वाढला. हे बघून मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांनी समाजशिक्षणासाठी मालिका काढल्या. त्या बघायला आपले माहिती-प्रसारण सचिव एस. एस. गिल १९८३मध्ये मेक्सिकोला गेले आणि ७ जुलै १९८४ला मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ दूरदर्शनवर सुरू झाली. लिमातल्या शिलाई यंत्राचा धागा निघाला तो आपल्या घरापर्यंत येऊन पोचला.

पण सर्वांत मोठं आश्चर्य तर पुढेच आहे. लक्षात राहणारे भाग आपण निवडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर निम्मी निवड मालिकेनंच करून ठेवलेली असते. ‘महाएपिसोड’ची जाहिरात आठवडाभर आधी दिवसातून दहादा दिसते. मग तो भाग, मग त्याचं पुनःप्रक्षेपण. पुढे दोन वर्षं नायिका खिडकीपाशी उभी राहिली, की तीच दृश्यं धूसर कडांसकट पुन्हा हजर. पाढे याहून वेगळे कुठे पाठ होतात? साडीचा रंग काकूंच्या लक्षात का राहिला, ते आता कळलं?

उरलेली निम्मी निवड मात्र पूर्णपणे आपली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका झी मराठीवर २०१६मध्ये आली ती वैदर्भी बोली घेऊन. ती साकारणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या, पण वऱ्हाडातल्या घरांत ‘आपली पोरगी’ म्हणूनच तिची दखल घेतली गेली. तिचा मसाल्याचा धंदा तीनशे कोटींवर गेला तेव्हा महाराष्ट्र पोट धरून हसला. तरी माझ्या यादीत तो भाग पहिला आहे. नवऱ्यानं गावंढळ ठरवलेली बाई मालकीण होते, त्यात कोटींचा हिशेब कशाला तपासायचा? त्याच मालिकेत नवऱ्याच्या प्रेयसीची, म्हणजे शनायाची, नटी बदलली आणि पुढे पहिली पुन्हा परतली, तेही आपण मुकाट्यानं स्वीकारलंच की!

एक गोष्ट मात्र खटकणारी आहे. अमेरिकेत जुन्या दुपारच्या मालिकांचे असंख्य भाग आज अस्तित्वातच नाहीत. चित्रफीत महाग होती, म्हणून तीच पुसून तिच्यावर नवं काही उतरवलं जायचं. ते भाग उरले असतील, तर फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीत. तेव्हा घरातल्या आजीला, काकूला, मावशीला त्यांचे तीन भाग विचारा आणि लिहून ठेवा. मालिका कोणती, त्या दिवशी काय घडलं, आणि तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, हेही. फक्त मालिका चालू असताना विचारू नका. जाहिरात लागेपर्यंत थांबा.